यंत्र ग्राहकाचे, किल्ली कंपनीची

संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटविणारी ग्राफिक्स चिप आता केवळ चित्रापुरती उरलेली नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साऱ्या गाजावाजामागे जी अफाट आकडेमोड चालते तिचे ओझे मुख्यतः हीच चिप वाहते. परंतु ती आपण होऊन काहीच करीत नाही. संगणकाच्या आज्ञा तिला समजतील अशा रूपात पोहोचविणारी एक आज्ञावली लागते, तिला ड्रायव्हर म्हणतात. चिप विकत घेणाऱ्याची होते, ड्रायव्हर मात्र कंपनीचाच राहतो. उत्पादनसाधनांच्या मालकीचा प्रश्न आता जुना झाला असे म्हणणाऱ्यांनी या व्यवहाराकडे जरा निरखून पाहावे.

एनव्हिडिया कंपनी आपल्या चिपची तांत्रिक माहिती देईना, तेव्हा काही प्रोग्रॅमरांनी २००५-०६ च्या सुमारास ‘नूव्हो’ नावाचा मुक्त ड्रायव्हर रचावयास घेतला. कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर चालवावयाचा, एखादी साधी आकृती काढावयास लावावयाचे, तत्पूर्वी आणि तदनंतर चिपमधील कोणत्या जागी कोणते आकडे बदलले ते टिपावयाचे, आणि त्यावरून आज्ञेचा अर्थ लावावयाचा! कंपनीच्या कपाटात लिहून ठेवलेली माहिती पुन्हा शोधण्यात कुशल माणसांची वर्षेच्या वर्षे गेली. सामाजिक श्रमाचा याहून मोठा अपव्यय कोणता? तरीही २०१० साली हा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला.

पुढे कंपनीने कुलूपच बदलले. २०१४ साली आलेल्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून चिपचा वेग वाढविण्याची आज्ञा कंपनीची सांकेतिक सही असलेल्या आज्ञावलीवाचून चालेनाशी झाली. परिणामी नूव्होखाली ती चिप सुरू होते, परंतु संगणक चालू होताना असतो त्याच मंद गतीने रांगत राहते. २०२२ साली कंपनीने ड्रायव्हरचा एक भाग खुला केला खरा, पण तो अलीकडच्या पिढ्यांपुरता. शिवाय महत्त्वाचे पुष्कळसे काम तत्पूर्वीच चिपमधील बंदिस्त आज्ञावलीकडे सरकविलेले होते. आणि २०२५ साली, ५८० क्रमांकाच्या शाखेनंतर जुन्या मालिकांसाठी नवे ड्रायव्हर निघणार नाहीत, असे जाहीर झाले. म्हणजे धनी सांभाळणार नाही आणि दुसऱ्या कोणाला सांभाळूही देणार नाही. धडधाकट यंत्रे अशा रीतीने भंगारात ढकलली जातात. झीज यंत्राची नव्हे, परवानगीची होते.

संशोधनावर भांडवल ओतले म्हणून गुप्तता हवी, असा युक्तिवाद केला जातो. पण चिपच्या घडणीचा आराखडा कोणी मागितलेला नाही. ती चालविण्याची रीत तेवढी मागितली आहे. एएमडी कंपनीने २००७ साली अशी माहिती खुली करावयास आरंभ केला. ती काही बुडाली नाही. तिच्या चिपसाठीचे मुक्त ड्रायव्हर ‘मेसा’ या सामायिक प्रकल्पात आज उत्तम रीतीने चालतात. हे सारे काम निरपेक्ष स्वयंसेवकांचे आहे, अशी भाबडी समजूत मात्र आपण करून घेऊ नये. रेड हॅट, व्हॉल्व्ह यांसारख्या कंपन्या त्यासाठी पगार मोजतात. भांडवलालाही सामायिक रस्ता लागतोच. प्रश्न एवढाच की त्या रस्त्यावर नाके कोण उभारतो.

आपला संबंध येथे येतो. अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारला, त्यातून १९८८ साली पुण्यात सी-डॅक जन्मास आली आणि १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. त्याच सी-डॅकचा ‘परम सिद्धी’ २०२० साली जगात ६३ वा ठरला. तो एनव्हिडियाच्या यंत्रणेवर उभारलेला आहे. २०२४ साली मंजूर झालेल्या इंडिया एआय मोहिमेची तरतूद १० हजार ३७२ कोटी रुपयांची. त्यातला मोठा वाटा अशाच चिपची गणनक्षमता मिळविण्यासाठी आहे. चिप बाहेरून घेण्यास आमचा आक्षेप नाही, त्या आज येथे बनत नाहीत. परंतु जनतेच्या पैशातून जे घेतले जाईल त्याचा चालविण्याचा दस्तऐवज उघड असावा, आणि कंपनीने हात काढून घेतल्यास सहीची किल्ली खरेदीदाराकडे यावी, एवढी अट घालता येते. एकट्यादुकट्या ग्राहकाला कंपनी जुमानणार नाही. सरकार हा एकटादुकटा ग्राहक नव्हे. त्यासाठी संसदेत नवा कायदाही करावा लागत नाही, निविदेच्या मसुद्यात दोन कलमे वाढवावी लागतात.