'ढेकूण कोणी आणले?' या एका प्रश्नावरून घरात भांडणं का पेटतात?

घरात झुरळं झाली तर लोक शेजाऱ्यांना औषध विचारतात. उंदीर झाले तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रार टाकतात. ढेकूण झाले की मात्र कोणीच कोणाला काही सांगत नाही. पाहुण्यांना 'पुढच्या महिन्यात या' म्हणून टाळलं जातं, गाद्या रात्री गुपचूप गच्चीवर नेल्या जातात. बाहेर बोलायची सोय नसल्यामुळे सगळी चिडचिड घरातल्या माणसांवरच निघते.

नवरा-बायको असोत, सासू-सून असोत की एका खोलीत राहणारे तीन रूममेट, ढेकणांवरून होणारी भांडणं बघितली तर ती बरीचशी एकाच साच्यातली असतात. कारण ती माणसांच्या स्वभावापेक्षा ढेकणाच्या सवयींमुळे जास्त होतात. या सवयी समजून घेतल्या तर निम्मी भांडणं सुरू व्हायच्या आधीच थांबू शकतात.

आजार पसरत नाही, मग एवढा त्रास कसला?

ढेकणामुळे माणसाला कुठला संसर्गजन्य रोग होतो, असं आजवर सिद्ध झालेलं नाही. डासामुळे मलेरिया, डेंग्यू होतो, तसं ढेकणाचं नाही. अंगाला खाज सुटते, गांधी उठतात, फार खाजवलं तर जखम चिघळते. म्हणूनच बरेच लोक 'एवढं काय त्यात' म्हणून हा विषय उडवून लावतात.

पण खरा त्रास वेगळाच आहे, आणि तो मोजलाही गेलाय. फ्रान्समध्ये 'आन्सेस' ही आरोग्य सुरक्षेचं काम बघणारी सरकारी संस्था आहे. तिने २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०१७ ते २०२२ या काळात फ्रान्समधल्या सुमारे ११ टक्के घरांमध्ये ढेकूण झाले होते. ढेकणांमुळे लोकांच्या आरोग्याचं किती नुकसान झालं, याचाही हिशोब या संस्थेने मांडला. २०१९ या एका वर्षासाठी तो आकडा सुमारे ८.३ कोटी युरो निघाला. त्यातला औषधोपचाराचा वाटा किरकोळ होता. जवळपास सगळी रक्कम उडालेली झोप, मनाला लागलेला घोर आणि बिघडलेलं रोजचं जगणं यांची होती.

अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये ढेकणांनी त्रासलेल्या लोकांच्या इंटरनेटवरच्या १३५ पोस्ट तपासल्या. त्यातल्या ८१ टक्के पोस्टमध्ये मानसिक त्रासाच्या खुणा दिसल्या. वाईट स्वप्नं पडणं, झोप न लागणं, सतत अंगावर काहीतरी चालतंय असं वाटणं, लोकांना टाळणं, असं बरंच काही त्यात होतं.

भांडणाचं पहिलं कारण : एकाला चावतात, दुसऱ्याला काहीच नाही

एकाच गादीवर दोघं झोपतात. सकाळी एकाच्या हातावर ओळीने लाल गांधी असतात आणि दुसऱ्याच्या अंगावर एक डागही नसतो. मग संवाद ठरलेला : "तुला ॲलर्जी झाली असेल." "साबण बदल." "मला तर काही चावत नाही, तुला भास होतायत."

गंमत अशी की, ढेकूण बहुतेक वेळा दोघांनाही चावलेला असतो. चावल्याची खूण ही शरीराची ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया असते आणि ती प्रत्येकाची वेगळी असते. काहींना लगेच गांध उठते, काहींना दोन-चार दिवसांनी, कधी कधी तर दोन आठवड्यांनी. काहींच्या अंगावर कधीच काही उठत नाही. वयस्कर माणसांमध्ये खुणा न दिसण्याचं प्रमाण जास्त असतं. त्यामुळे 'आम्हाला कुठे काय होतंय' असं सासू-सासरे म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात, आणि खाजवून हैराण झालेली सूनही नाटक करत नसते.

म्हणून पुरावा अंगावर शोधायचा नाही, गादीत शोधायचा. गादीच्या शिवणीवर, पलंगाच्या सांध्यांत, प्लायच्या फटीत शाईच्या टिंबांसारखे काळे डाग, टाकून दिलेली पिवळट सालं, तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक पांढरी अंडी किंवा जिवंत ढेकूण दिसतात. टॉर्च घेऊन दोघांनी मिळून शोधलं, तर 'तुला भास होतायत' हा वाद तिथेच मिटतो.

दुसरं कारण : झोपच नाही, तर डोकं शांत कसं राहणार?

ढेकूण माणसाच्या अंगातली ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साईड यांच्या मागावर येतो. बहुतेक वेळा रात्री, त्यातही पहाटेच्या आधी, म्हणजे माणूस गाढ झोपेत असताना. ज्याला हे माहीत झालंय त्याला झोप लागत नाही. तो दर तासाला लाईट लावतो आणि शेजारच्याचीही झोपमोड होते.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या ॲमी गॉर्डन आणि सेरेना चेन यांनी जोडप्यांची झोप आणि भांडणं यांचा अभ्यास केला होता. वाईट झोपेच्या रात्रीनंतर जोडप्यांमध्ये जास्त खटके उडतात, आणि दोघांपैकी एकाचीच झोप बिघडली तरी भांडण सोडवण्याच्या क्षमतेवर परिणाम होतो, असं त्यांना दिसलं. तो अभ्यास ढेकणांवर नव्हता. पण महिनाभर धड न झोपलेल्या घरात चहात साखर कमी पडल्यावरूनही वाद का होतो, हे त्यातून कळतं.

त्यात कामाची वाटणीही सरळ नसते. चादरी उकळणं, गाद्या उन्हात टाकणं, कपाट रिकामं करणं ही कामं बहुतेक घरांत बाईच्याच अंगावर पडतात. वर 'घर नीट ठेवलं असतं तर झाले नसते' हे ऐकावं लागतं, ते वेगळंच.

तिसरं कारण : 'कोणी आणले?'

सगळ्यात जास्त भांडणं या प्रश्नावरून होतात आणि याच प्रश्नाचं उत्तर सहसा मिळत नाही.

ढेकणाची मादी दिवसाला एक ते पाच अंडी घालते. आठवडा-दीड आठवड्यात अंड्यातून पिल्लू बाहेर येतं. ते पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक वेळी त्याला रक्त लागतं. आपल्याकडच्या उबदार हवेत साधारण दीड-दोन महिन्यांत पूर्ण वाढलेला ढेकूण तयार होतो. म्हणजे पलंगावर ढेकूण डोळ्यांना दिसेपर्यंत पहिला ढेकूण घरात येऊन कित्येक आठवडे झालेले असतात. तेव्हा कोण आलं होतं, कोण कुठल्या गाडीने कुठे गेलं होतं, हे कुणालाच आठवत नाही. आठवतो तो फक्त शेवटचा पाहुणा, आणि खापर त्याच्यावर फुटतं.

हे खापर कुणाच्या डोक्यावर फुटतं तेही बघण्यासारखं आहे. घरकामाला येणाऱ्या मावशी, गावाकडून आलेला दीर, सुनेच्या माहेरची माणसं, नव्याने राहायला आलेला रूममेट. म्हणजे घरात ज्याचं वजन सगळ्यात कमी, त्याच्यावर संशय सगळ्यात आधी.

हे फक्त घरात होतं असं नाही. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पॅरिसमध्ये मेट्रो, रेल्वे आणि सिनेमागृहांमध्ये ढेकूण दिसल्याचे व्हिडिओ व्हायरल झाले, तेव्हा एका टीव्ही अँकरने थेट स्थलांतरितांकडे बोट दाखवणारा प्रश्न विचारला आणि त्यावरून मोठा वाद झाला. पुढे मार्च २०२४ मध्ये फ्रान्सच्या एका मंत्र्यांनी सांगितलं की, ही घबराट रशियाशी संबंधित सोशल मीडिया खात्यांनी मुद्दाम वाढवली होती. 'कोणी आणले' हा प्रश्न देशाच्या पातळीवर गेला तरी उत्तर म्हणून कुठला तरी परकाच सापडतो.

अस्वच्छतेमुळे ढेकूण होतात का?

नाही. ढेकणाला खरकटं, कचरा, घाण यातलं काहीच लागत नाही. त्याला फक्त रक्त लागतं. घरात पसारा असेल तर त्याला लपायला जागा जास्त मिळते, इतकाच स्वच्छतेचा संबंध. त्याला पंख नसतात, उडीही मारता येत नाही. तो बॅग, कपडे, जुनं फर्निचर, बसची सीट यांतून फिरतो. २०१८ मध्ये न्यूअर्क-मुंबई विमानाच्या बिझनेस क्लासमध्ये ढेकूण चावल्याच्या प्रवाशांच्या तक्रारींची बातमी झाली होती. लाखाच्या घरातलं तिकीट काढणाऱ्यांनाही ढेकूण सोडत नाही. त्यामुळे ढेकूण झाले म्हणून कुणाच्या संस्कारांवर जायचं कारण नाही.

वेगळं झोपणं का महागात पडतं?

भांडण वाढलं की एक जण उशी उचलून हॉलमधल्या सोफ्यावर जातो. नात्यासाठी हे वाईट, आणि ढेकणांसाठी चांगलं. उशी-पांघरुणातून ढेकूण किंवा त्याची अंडी हॉलमध्ये पोहोचतात. बेडरूम पूर्ण रिकामी केली तर भुकेले ढेकूण माणसाच्या शोधात दुसऱ्या खोलीकडे सरकतात. पूर्ण वाढलेला ढेकूण रक्ताशिवाय काही महिने राहू शकतो, त्यामुळे 'खोली बंद ठेवू, उपाशी मरतील' हा उपायही चालत नाही. एका पलंगाचा प्रश्न अख्ख्या घराचा होतो. म्हणून उपचार सुरू असताना शक्यतो जिथे झोपता तिथेच झोपा, असं तज्ज्ञ सांगतात.

चिडून केलेला उपाय जिवावर बेतू शकतो

'आज एकदाचं संपवूनच टाकतो' या रागात काही जण शेतीची औषधं घरात फवारतात किंवा धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या गादीखाली ठेवतात. या गोळ्यांमध्ये ॲल्युमिनियम फॉस्फाइड असतं. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. बंद घरात तो जीव घेऊ शकतो, आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही धोका असतो. भारतात अशा वापराने माणसं दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. घरगुती वापरासाठी या गोळ्यांना परवानगी नाही. रॉकेल शिंपडण्याचा जुना उपायही आगीला आमंत्रण आहे.

मग घरातल्या सगळ्यांनी मिळून काय करायचं?

- 'कोणी आणले' हा प्रश्न महिनाभर बंद. त्याऐवजी 'कुठे कुठे आहेत' हे शोधा. मुलांसमोर कुणाचंही नाव घेऊ नका.
- कामं लिहून वाटून घ्या. एकाने कपडे, दुसऱ्याने पलंग, तिसऱ्याने पेस्ट कंट्रोलशी बोलणं. चादरी-कपडे ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात धुवा आणि धुतलेले कपडे घट्ट बांधलेल्या पिशवीत ठेवा. नुसतं ऊन दाखवल्याने ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात.
- शिवणी आणि सांध्यांवर वाफ फिरवा. वाफेच्या इस्त्रीची वाफ हळूहळू, जवळून द्या. लोखंडी कॉट असेल तर उकळतं पाणी ओतण्याचा आजीचा उपाय आजही कामाचा आहे.
- पलंग भिंतीपासून दूर घ्या आणि पायांखाली गुळगुळीत, खोल वाट्या ठेवा. चादर जमिनीला टेकू देऊ नका. वाटीत ढेकूण अडकतात, आणि अजून किती उरलेत त्याचा अंदाज सगळ्यांना डोळ्यांनी दिसतो.
- पेस्ट कंट्रोल एकदा करून थांबू नका. औषधातून अंडी वाचतात आणि अनेक ढेकूण नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन फेऱ्या लागतात. पहिल्या फेरीनंतर ढेकूण दिसले म्हणून 'तुझा माणूस बोगस निघाला' म्हणायची घाई नको.
- लपवू नका. शेजारी, पाहुणे आणि कामाला येणाऱ्या मावशींना सांगा, कारण त्यांच्या घरी ढेकूण गेले तर तो खर्च त्यांना जास्त जड जातो. जुनी गादी कुणाला देऊ नका आणि खुणा न करता रस्त्यावरही टाकू नका.

पुण्यात कॉट बेसिसवर किंवा मुंबईत भाड्याने राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पेस्ट कंट्रोलचा खर्च कोणी करायचा हे अकरा महिन्यांच्या करारात सहसा लिहिलेलं नसतं, आणि मग डिपॉझिटवरून वाद होतो. सही करण्याआधी ते लिहून घ्या, आणि राहायला जाताना कॉट-गादीचे फोटो तारखेसह काढून ठेवा.

ढेकूण गेले, तरी खाज जात नाही

शेवटचा ढेकूण मेल्यावरही काही आठवडे एखादा माणूस रात्री टॉर्च घेऊन बसतो. घरातले म्हणतात, 'आता पुरे.' त्याला वाटतं, कुणाला पर्वाच नाही. यावर सोपा उपाय म्हणजे संपल्याची व्याख्या आधीच ठरवणं. शेवटच्या फवारणीनंतर दोन महिने पलंगाखालच्या वाट्या रिकाम्या राहिल्या आणि नवे डाग दिसले नाहीत, तर विषय संपला असं सगळ्यांनी मिळून ठरवायचं. तोवर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सोबत तपासायचं. रोज मध्यरात्री नाही.

त्यानंतरही झोप लागत नसेल, सतत घाबरल्यासारखं होत असेल किंवा घरातला अबोला सुटत नसेल, तर डॉक्टरांशी बोला. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या १४४१६ क्रमांकाच्या मोफत हेल्पलाइनवरही बोलता येतं. ढेकणांसाठी फोन करायचा का, असा संकोच नको. महिनोन् महिने न झोपलेल्या माणसाला मदत लागतेच.

ढेकूण दोन-तीन महिन्यांत जातात. त्या काळात एकमेकांना काय बोललो, हे मात्र पुढची कित्येक वर्षं आठवतं.