दिल्लीत घर बघताय? आधी नळ सोडून पाहा

मिरजेहून एका भगिनीचं पत्र आलंय. यजमानांची दिल्लीला बदली झालीय. सासूबाईंना जिने चढवत नाहीत, तेव्हा तळमजलाच हवा. कुठल्या बाजूला पाहू? शेवटी हळूच विचारलंय, "तिथे आमचं निभेल ना?"

निभेल हो! मी अकरा वर्षं काढली तिथे. पण पहिलं घर घेताना मी चुकले, तशा तुम्ही चुकू नका. मी भाडं विचारलं, ओटा पाहिला, खिडक्या मोजल्या. नळ काही सोडून पाहिला नाही. वस्ती दक्षिणेकडची, चढावरची. घरमालक म्हणाले, "पानी की कोई दिक्कत नहीं." दुसऱ्या दिवशी पहाटे अर्धी बादली भरली नि नळाने सूं करून जीव सोडला. तो सगळा उन्हाळा टँकरमागे धावण्यात गेला.

पुढे कळलं, पाण्यापायी तिथे सुलतानसुद्धा जेरीस आलेत! दिल्लीच्या पूर्वेला यमुना, आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे तिरकी गेलेली अरवलीची खडकाळ टेकडी; तिला तिथे 'रिज' म्हणतात. या दोहोंच्या मधेच राजधान्या जागा बदलत राहिल्या. खडकावर किल्ला बळकट, पण पाणी खोल. म्हणून इल्तुतमिशाने मेहरौलीला हौज बांधला, अल्लाउद्दीन खिलजीने सिरीजवळ दुसरा. तोच आजचा हौज खास. १३२१ च्या सुमारास घियासुद्दीनाने तुघलकाबाद उठवलं. भिंती पाहताना मान दुखते, पण शहर थोड्याच वर्षांत ओस पडलं. पाण्याची टंचाई हे त्याचं एक कारण सांगतात. त्याच्या मुलाने १३२७ मध्ये राजधानी आपल्या देवगिरीला आणली (त्याची कारणं निराळी) आणि पुढे परत नेली. त्या वाटेवर लेकुरवाळ्या बायांचे काय हाल झाले असतील, कोण जाणे!

त्यानंतरचा फिरोजशहा नदीकाठी गेला. शहाजहाननेही १६३९ मध्ये काठावरच लाल किल्ल्याचं काम काढलं, तरी शहरात कालवा खेळवलाच. त्याची लेक जहाँआरा हिने बाजार वसवला. तिथल्या हौदात चांदणं पडे, म्हणून तो चांदणी चौक, असं म्हणतात.

इंग्रजांनी १९११ मध्ये नव्या दिल्लीच्या कोनशिला उत्तरेला बसवल्या. मग लक्षात आलं, ती जागा सखल, पुराची. झालं, कोनशिला हलल्या आणि राजधानी रायसीनाच्या उंचवट्यावर गेली!

पुराची भीती खोटी नव्हे. जुलै २०२३ मध्ये यमुना २०८.६६ मीटरपर्यंत चढली आणि पाणी लाल किल्ल्याच्या भिंतीला लागलं. तेव्हा ताई, तळमजला हवा असेल तर नदीलगतची सखल वस्ती नको, भाडं कितीही कमी असो. चढावर घेणार असाल तर जमिनीतली टाकी स्वतः झाकण उघडून पाहा. बोअरिंगचं पाणी असेल तर घोटभर चाखा. पश्चिमेकडे बऱ्याच ठिकाणी ते खारट लागतं, डाळ शिजत नाही. घर बघायला पहाटे जा. आणि पाणी किती वाजता येतं, ते घरमालकाला नव्हे, शेजारणीला विचारा. हिंदी मोडकंतोडकं असलं तरी चालेल. पाण्याचं दुखणं तिला चटकन कळतं.

सासूबाईंसाठी जाड रजई मात्र तिथेच भरून घ्या. इथून ओझं नेऊ नका.