द्वारकेहून बंदराकडे

नाशिकच्या द्वारका चौकाला नावापुरताच समुद्र आहे. तरीही, कोकणापासून केरळापर्यंत नौकेने जाणाऱ्याने कोणत्या बंदरांवर उतरावे, या प्रश्नाचा विचार इथूनच सुरू करावा असे मला वाटते. चौकातून मुंबईच्या दिशेने निघाले की महामार्गालगत पांडवलेणी लागतात. तेथील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथे त्याने विश्रामगृहे बांधली. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या. दोन्ही तीरांवर सभामंडप व पाणपोया उभारल्या. उतारूच्या गरजा ओळखणारा इतका नेमका मजकूर आजच्या पर्यटन-पुस्तिकांत क्वचितच सापडतो.

याच्या आसपासच्या काळातला ‘पेरिप्लस’ हा ग्रंथ एका अनामिक ग्रीकभाषक व्यापाऱ्याचा. तो किनाऱ्याचे सौंदर्य वर्णन करत बसत नाही. कुठे कोणता माल मिळतो, कुठे चाचे आहेत, हे तो सांगतो. आणि कल्याणला ग्रीक जहाज चुकून शिरलेच तर ते पहाऱ्यात भडोचला नेले जाते, हेही. पैठण आणि तेर ही घाटावरची गावे त्याच्या नोंदीत येतात, कारण बंदराचे मोल पाठीमागच्या मुलुखावर ठरते. आपल्या प्रवासवर्णनांनी ही दृष्टी गमावली आहे, अशी माझी तक्रार आहे. किनारा म्हणजे वाळू, माड आणि सूर्यास्त! समुद्राकडे पाठ करून उभा राहिलेला प्रवासी बंदर पाहू शकत नाही.

म्हणून निवड करताना सोयींनी सज्ज मरिना हा एकच निकष मानू नये. कोचीच्या बोळगट्टी बेटावर ती आहे, आणि नौका बांधून निवांत झोपायला ती उत्तमच; पण तिथे गावाशी गाठ पडतेच असे नाही. खाडीच्या मुखावरची गावे मला अधिक बोलकी वाटतात. वाशिष्ठीवरचे दाभोळ बहमनी व आदिलशाही काळात भरभराटीला आले आणि 1508 साली पोर्तुगीजांनी ते जाळले. शास्त्रीच्या मुखावरच्या जयगडला जुना किल्ला आणि आजचे मालवाहू बंदर शेजारी नांदतात. वाघोटणच्या मुखाशी विजयदुर्ग आहे. वेंगुर्ल्याला डच वखारीचे भग्न अवशेष आहेत. मालवणच्या गर्दीतले काही पाहुणे तिकडे वळले तर बरे.

लेखातली दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. त्याच तालुक्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली, आणि मच्छीमारांचा विरोध त्याच्या बऱ्याच आधीपासून चालू आहे. त्यांचे म्हणणे ऐकण्यासाठी तरी प्रवाशाने उत्तरेकडचा हा थांबा गाळू नये. निघायचे मात्र नारळी पौर्णिमा उलटल्यावर, पावसाचा जोर पुरता ओसरला की.