पंगतीतला भुरका आणि मनगटावरचा साक्षीदार

मराठी पंगतीत कढीचा भुरका म्हणजे सुगरणीला दिलेली पावती. पिढ्यान्‌पिढ्या उज्जयिनीत नांदणाऱ्या आम्हां मराठी मंडळींनाही त्याचे कौतुक आहे. परंतु त्याच पंगतीतील एखादे मूल त्या भुरक्याने, शेजारच्या मचमचीने कासावीस होऊन पानावरून उठते, आणि वडीलधारी माणसे त्याला उर्मट ठरवून मोकळी होतात. शाळेत आम्ही अशी मुले पाहतो. शेजाऱ्याने पेन टकटकवले की त्यांचे धड्यावरील चित्त पार उडते.

या व्यथेला जॅस्ट्रेबॉफ दांपत्याने २००१ साली 'मिसोफोनिया' असे नाव दिले. पुढे २०१७ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाचे सुखबिंदर कुमार व त्यांचे सहकारी यांनी अशा व्यक्तींना आणि इतरांनाही पावसाचा, तान्ह्या मुलाच्या रडण्याचा व खाण्याचा आवाज ऐकविला. रडणे सर्वांनाच अप्रिय वाटले. खाण्याच्या आवाजाने मात्र केवळ व्यथितांच्याच हृदयाचे ठोके आणि त्वचेची विद्युतवाहकता वाढली. म्हणजे हे ढोंग नव्हे!

मन क्षुब्ध झाले की घर्मग्रंथी चाळवतात, आणि ओलसर त्वचेतून वीज अधिक सुलभतेने वाहते. हा सूक्ष्म फरक टिपणारी साधने आता घड्याळासारखी मनगटावर बांधता येतात. त्यामुळे प्रयोगशाळेबाहेर, घरी वा वर्गातही हा अभ्यास शक्य झाला आहे. अर्थात घाम माळव्यातील उन्हानेही येतो आणि जिना चढल्यानेही. यंत्र 'खळबळ झाली' एवढेच सांगते. कशाने झाली, हे कळण्यास त्या वेळी कोणता आवाज होता याची नोंद हवीच.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. पण कायदा आवाजाची पातळी मोजतो. भुरका त्याच्या तराजूत येत नाही. त्याचा निवाडा घरातच व्हावयाचा.

तेव्हा सुज्ञ वाचकहो, अशा मुलाचे पान थोडे दूर मांडावे, रेडिओ मंद लावून ठेवावा, चेष्टा तर मुळीच करू नये. त्रास वाढल्यास श्रवणतज्ज्ञाचा वा मानसतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. मनगटावरील यंत्राची साक्ष संशोधकांना हवी. आईबापांना लेकराचा शब्द पुरेसा असावा, असे आम्हांस वाटते.