आधी अहवाल, मग बक्षीस

थंडी पडू लागली की मुंबई-ठाण्यापासून कोल्हापूर-सांगलीपर्यंत शरीरसौष्ठवाच्या 'श्री' स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. तालुका श्री, जिल्हा श्री, मुंबई श्री, महाराष्ट्र श्री अशा पायऱ्या असतात आणि मध्ये एखाद्या नेत्याच्या वाढदिवसानिमित्तची 'श्री' असतेच. या स्पर्धा बंद कराव्यात असे माझे अजिबात म्हणणे नाही. क्रिकेट अकादमीची फी ज्यांना परवडत नाही अशा चाळी-वस्त्यांतल्या मुलांसाठी टाळ्या मिळवण्याच्या जागा आपल्याकडे थोड्याच आहेत. कोल्हापूरचे सुहास खामकर आणि संग्राम चौगुले आशियाई आणि जागतिक किताबांपर्यंत पोहोचले, त्यामागे गावोगावच्या मंचांची ही परंपरा आहे. माझा मुद्दा संयोजकांशी आहे. स्पर्धा ज्या शरीराला बक्षीस देते तेच शरीर वर्षभर जिममध्ये घडवले जाते. ते कसे असावे हे संयोजक ठरवतात, पण ते कशाच्या जोरावर घडले याची चौकशी मात्र करत नाहीत.

एखाद्या स्थानिक स्पर्धेचा पैसा कुठे जातो ते पाहावे. मंच, प्रकाशयोजना, एलईडी पडदा, फ्लेक्स, पाहुण्यांचे सत्कार आणि किताब विजेत्याला रोख रक्कम किंवा मोटारसायकल. खाली प्रत्येक वजनी गटात पाच-सहा मुले उभी असतात. त्यांच्या वाट्याला त्या मानाने किरकोळ रक्कम, एक ट्रॉफी आणि प्रमाणपत्र येते. अंडी, चिकन, प्रोटीनचे डबे, टॅनचा खर्च, येण्याजाण्याचे भाडे हे सगळे ज्याचे त्याने करायचे. त्यातही अंतिम किताबाची लढत गटविजेत्यांमध्ये होते आणि ती सहसा वजनदार गटातला जिंकतो. 55 किंवा 60 किलोच्या गटातला मुलगा कितीही रेखीव असला तरी मोटारसायकल त्याची नाही, हे त्यालाही माहीत असते. मग संदेश सरळ पोहोचतो: आकार वाढव, लवकर वाढव. जत्रेतला कुस्तीचा फड याबाबतीत शहाणा. तिथे पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि प्रत्येक जोडीला तिच्या तोलाचा इनाम असतो.

लवकर वाढण्याचा रस्ता कुठून जातो याचे आकडे उपलब्ध आहेत. जागतिक उत्तेजक विरोधी संस्था, म्हणजे वाडाच्या अहवालानुसार 2019 मध्ये भारतीय खेळाडूंच्या नियमभंगाची 152 प्रकरणे नोंदली गेली आणि रशिया, इटलीनंतर आपला क्रमांक लागला. त्या 152 पैकी 57 एकट्या शरीरसौष्ठवातली होती; दुसऱ्या क्रमांकावरच्या वेटलिफ्टिंगमधली 25. ही फक्त चाचणी झालेल्यांची गोष्ट आहे. वाढदिवसाच्या 'श्री'मध्ये कोणी नमुना मागतच नाही. इकडे रक्तदाब खाली गेलेल्या रुग्णाला द्यायचे मेफेंटरमाइनचे इंजेक्शन व्यायामाचा थकवा जाणवू नये म्हणून टोचले जाते, आणि त्याच्या बेकायदा विक्रीवर महाराष्ट्रात पोलीस आणि अन्न व औषध प्रशासनाला कारवाया कराव्या लागल्या आहेत. इटलीतल्या पाडोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तर प्रत्येक संयोजकाने वाचावा असा आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत 2005 ते 2020 या काळात उतरलेल्या 20,286 पुरुषांचा मागोवा त्यांनी घेतला. त्यांच्यापैकी 121 जणांचा मृत्यू झाल्याचे आढळले, सरासरी वय 45. मृतांपैकी 38 टक्के अचानक हृदय बंद पडून गेले. व्यावसायिकांमध्ये अशा मृत्यूचा धोका हौशी खेळाडूंपेक्षा पाच पटींहून अधिक होता. कारण एकटी औषधे नाहीत. टोकाचे डाएट आणि स्पर्धेआधी शरीरातले पाणी काढून टाकण्याची पद्धतही त्यात आहे. 1992 मध्ये मोहम्मद बेनाझिझा हा नामांकित व्यावसायिक हॉलंडमधल्या स्पर्धेनंतर काही तासांतच गेला, तो अशाच निर्जलीकरणामुळे. कातडी पातळ आणि स्नायू कापल्यासारखे दिसावेत म्हणून पाणी तोडणारी मुले आपल्या मंचामागेही असतात.

चाचणी परवडत नाही, हे यावरचे पहिले उत्तर असते. ते अगदीच खोटे नाही. वाडाची मान्यता असलेली देशातली प्रयोगशाळा एकच, दिल्लीत, आणि एका नमुन्याचा खर्च हजारो रुपयांत जातो. पण सगळ्यांचीच चाचणी करा असे कोण म्हणते? किताब विजेता आणि चिठ्ठी टाकून निवडलेले दोघे, एवढ्यांचे नमुने राष्ट्रीय संस्थेशी म्हणजे नाडाशी बोलून रीतसर घेता येतील. चिठ्ठी कोणाच्या नावाची निघेल हे कोणालाच माहीत नसते, हीच तिची ताकद. बक्षिसाची रक्कम अहवाल येईपर्यंत राखून ठेवायची. ज्याच्याकडे एलईडी पडद्याला पैसे आहेत त्याच्याकडे तीन नमुन्यांचे नाहीत, हे मला पटत नाही. शिवाय वजन घेताना रक्तदाब मोजायला, मंचामागे डॉक्टर बसवायला आणि पाणी ठेवायला दिल्लीची प्रयोगशाळा लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोक अवाढव्य शरीरे पाहायलाच येतात. ती नसतील तर गर्दी नाही, गर्दी नाही तर प्रायोजक नाही. प्रेक्षकांची आवड ठरलेली असते असे यात गृहीत धरले आहे, आणि या खेळाचाच इतिहास त्याच्या विरोधात जातो. मेन्स फिजिक हा गट आला, गुडघ्यापर्यंतच्या शॉर्ट्समध्ये उभे राहायचे आणि रुंद खांदे, निमुळती कंबर, प्रमाण यांना गुण, असे ठरले आणि कॉलेजची मुले झुंडीने त्यात उतरली. त्यांचे मित्रही बघायला आले. महिलांच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय हौशी महासंघाने दशकभरापूर्वीच बॉडीबिल्डिंगचा गट बाजूला ठेवून फिजिकचा गट आणला, कारण निव्वळ आकाराची चढाओढ कुठे नेते ते दिसले होते. फिगर गटातही रेषा, सममिती आणि सादरीकरण पाहिले जाते. नियम बदलला की शरीर बदलते, आणि नियम संयोजकांच्या हातात आहे. आपल्याकडे मात्र मुलींसाठी बहुतेक ठिकाणी एकच खुला गट असतो, तोही कार्यक्रमपत्रिकेत शोभेपुरता. चार मुलींना एकाच रांगेत उभे करून मुली येत नाहीत अशी तक्रार करायची, यात काय अर्थ आहे? नवोदितांसाठी वेगळी मुंबई श्री भरवता येते आणि तिला दरवर्षी मुले लोटतात, तर फिगर आणि फिजिकचे नवोदित गट जिल्ह्यातही भरवता येतील.

काही जण म्हणतील, सज्ञान माणसाने स्वतःच्या शरीराचे काय करावे हा त्याचा प्रश्न आहे. जिममध्ये, आरशासमोर असेलही. पण 19 वर्षांच्या मुलाला मंचावर बोलावून, त्याच्या शेजारच्याला मोटारसायकल देऊन आणि वर आपला फोटो छापून घेतल्यावर तो प्रश्न एकट्या मुलाचा राहत नाही. संघटनांची भांडणे ही आणखी एक पळवाट. एकाच किताबाच्या नावाने दोन-दोन संघटना स्पर्धा घेतात, एकीने बंदी घातलेला खेळाडू दुसरीच्या मंचावर उभा राहू शकतो, आणि खेळाडूला आपल्या पदकाची नोकरीच्या अर्जात किती किंमत आहे हेही नीट कळत नाही. ही भांडणे मिटायला वेळ लागेल. तोवर निदान बंदी घातलेल्या खेळाडूंची यादी सर्वांनी मानावी.

पुढच्या हंगामाची पत्रके छापायला जाण्याआधी जिल्हा संघटनांनी आणि प्रायोजकांनी त्यांत दोन वाक्ये घालावीत: विजेत्याची रक्कम डोप चाचणीचा अहवाल आल्यावर दिली जाईल, आणि एकूण बक्षिसांपैकी निम्मी रक्कम वजनी गटांत व महिलांच्या गटांत वाटली जाईल. प्रायोजकांना पैसे जास्त घालायचे नाहीत, फक्त ते कुठे जातात ते विचारायचे आहे.