पूल बंद, गाड्यांना वळसा, आणि बाईला?

मुंबईत रस्ता बंद झाला की वर्तमानपत्रात नकाशा छापून येतो. गाड्यांनी कुठून वळायचं, कुठे मनाई, सगळं त्यात असतं. पायी जाणाऱ्या बाईने कुठून जायचं, तिच्या बसचा थांबा कुठे गेला, हे मात्र त्या नकाशात सापडत नाही.

अंधेरीचा गोखले पूल घ्या. जुलै २०१८ मध्ये त्याच्या पदपथाचा भाग कोसळून दोघांचा जीव गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये धोकादायक म्हणून पूल बंद झाला. एक बाजू खुली झाली फेब्रुवारी २०२४ मध्ये, आणि तेव्हा कळलं की शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळत नाही! पूर्ण पूल सुरू व्हायला मे २०२५ उजाडला. या अडीच वर्षांत वाहनचालकांच्या हालांविषयी पुष्कळ लिहिलं गेलं. पण पूर्वेला राहून पश्चिमेला चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचा हिशेब कुणी मांडला? बस कोंडीत अडकली की पहिल्या घरी उशीर, मग चारही घरी उशीर. बोलणी खायची, नाहीतर खाडा लागून पैसे कापले जायचे. रिक्षा करावी तर एका घरची दिवसाची कमाई त्यात जायची. घरी परतायला उशीर झाला की नळाचं पाणी गेलेलं आणि मूल शाळेच्या दारात ताटकळलेलं.

सप्टेंबर २०२५ मध्ये परळ आणि प्रभादेवीला जोडणारा एल्फिन्स्टन पूल पाडण्यासाठी बंद केला. वरळी-शिवडी मार्गासाठी. पलीकडे केईएम आहे, टाटा आहे, वाडिया प्रसूतिगृह आहे. दिवस भरलेल्या बाईला, आजारी सासूला घेऊन निघालेल्या सुनेला वळशाची दहा मिनिटंही जड असतात. याच स्टेशनच्या पादचारी पुलावर सप्टेंबर २०१७ मध्ये चेंगराचेंगरीत २३ माणसं मेली, हे आपण विसरायचं का?

धोकादायक पूल पाडू नयेत असं कुणीच म्हणत नाही. प्रश्न आहे तो पैसा आणि विचार कुणासाठी खर्च होतो हा. सागरी किनारा रस्त्यावर सुमारे १४ हजार कोटी रुपये खर्च झाले. त्यावर दुचाकी-तिचाकींना बंदी आहे. त्याच शहरात बेस्टच्या बसगाड्या, ज्या एकेकाळी चार हजारांवर होत्या, त्या तीन हजारांच्याही खाली आल्या. आणि मे २०२५ मध्ये किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये झालं. म्हणजे गाडीवाल्याला नवा रस्ता, आणि बसवालीला दुप्पट तिकीट!

जाब विचारायचा तर कुणाला? महापालिकेत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. पण मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचाच कारभार होता. गोखले पूल बंद झाला तेव्हा वॉर्डात नगरसेविकाच नव्हती.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या मागण्या आपणच मांडायला हव्यात. पूल बंद करण्याआधी वस्तीत सभा घ्या. बदललेले बसमार्ग थांब्याथांब्यावर मराठी-हिंदीत लावा. पूल बंद असेल तितका काळ त्या भागात बसच्या फेऱ्या वाढवा. पायी जाणाऱ्यांसाठी दिवे असलेली, म्हातारीला आणि गरोदर बाईला चढता येईल अशी वाट आधी करा, मगच पाडायला घ्या.

आपापल्या गटाने एक काम जरूर करावं. वस्तीतल्या बायांचा एका दिवसाचा प्रवास कागदावर उतरवावा: किती चालल्या, किती थांबल्या, किती पैसे गेले. तो कागद घेऊन वॉर्ड ऑफिसात जाऊ या. गाड्या मोजायला यंत्रणा आहे. आपल्याला आपणच मोजायला लागणार.