ऑपरेशन झाले, पुढचे कोण करणार?

ऑपरेशनच्या दिवशी माणसांची कमतरता नसते. मिळेल त्या गाडीने नातेवाईक अलिबागला, पनवेलला, मुंबईला पोहोचतात. रक्त लागले तर चार पोरे बाह्या सरसावून उभी राहतात. पैसे कमी पडले तर घरातले दागिने निघतात. मग टाके निघतात, रुग्ण घरी येतो, देवापुढे नारळ फुटतो आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. उपचाराचा दुसरा अर्धा भाग खरे म्हणजे त्याच दिवशी सुरू व्हायचा असतो. त्या भागाला मात्र कुणी वाली नसतो.

मी आगरदांड्याला साधी जनरल प्रॅक्टिस करतो. हाडांचा तज्ज्ञ नाही, स्त्रीरोगतज्ज्ञही नाही. पण मोठ्या डॉक्टरांनी केलेल्या कामाचे पुढे काय झाले, ते आमच्यासारख्या गावच्या डॉक्टरांनाच पाहायला मिळते. इतक्या वर्षांत माझे मत असे झाले आहे की, बिघडलेल्या ऑपरेशनांपेक्षा उत्तम होऊनही वाया गेलेली ऑपरेशने आपल्या भागात जास्त आहेत.

डिस्चार्ज कार्डावर अगदी शेवटच्या ओळीत ‘फिजिओथेरपी’ असे लिहिलेले असते. गोळ्यांची नावे नातेवाईक तीन-तीनदा विचारून घेतात, ही ओळ कुणी विचारीत नाही. विचारलीच तर उत्तर ठरलेले, ‘मालिश करायला सांगितलंय.’ कुणी शेक समजतो, कुणी ‘करंट लावतात ते’ समजतो. शेक आणि यंत्रे आहेतच, पण ती दुय्यम. दुखणे थोडे कमी व्हावे आणि रुग्णाला हालचाल करता यावी, एवढेच त्यांचे काम. कोणता सांधा, किती, कोणत्या दिवसापासून आणि किती वजन टाकून हलवायचा, हे ठरवणे ही खरी फिजिओथेरपी. त्यासाठी मुले-मुली बारावीनंतर साडेचार-पाच वर्षे शिकतात. त्यांना ‘मालिशवाले’ म्हणणे म्हणजे आम्हाला ‘सुईवाले’ म्हणण्यासारखे आहे. (तसेही काही जण म्हणतात, ते सोडा.)

या शास्त्राची देशातली पहिली शाळा आपल्या मुंबईतच, के.ई.एम. रुग्णालयात, १९५२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने निघाली. तेव्हा पोलिओने मुंबईतली मुले पांगळी होत होती आणि त्यांचे हातपाय कामाला लावणारी शिकलेली माणसे नव्हती. १९५५ साली हाजीअलीला पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था उभी राहिली. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण ज्या विद्येने त्या मुलांना उभे केले, तीच आज लकवा झालेल्याला, गुडघा बदललेल्याला आणि माडावरून पडलेल्याला उपयोगी पडते.

गुडघ्याचेच उदाहरण घ्या. कृत्रिम सांधा बसवलेल्या रुग्णाला हल्ली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. घरी आल्यावर प्रेमळ सून काय करते? सासूच्या गुडघ्याखाली मऊ उशी ठेवते. बरे वाटते, यात शंका नाही, कारण वाकलेला गुडघा कमी दुखतो. पण तीन-चार आठवडे असा ठेवलेला गुडघा नंतर सरळ होत नाही आणि बाई आयुष्यभर लंगडते. उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेवावी, म्हणजे गुडघा आपोआप सरळ होतो. पावले वर-खाली हलवणे, मांडीचा स्नायू आवळून गुडघा गादीकडे दाबणे, पलंगाच्या कडेला बसून पाय हळूहळू मागे वाकवणे, हे व्यायाम पहिल्या काही आठवड्यांतच व्हावे लागतात. त्या काळात सांध्याभोवतीच्या ऊती लवचीक असतात. पुढे त्या चिकटतात, घट्ट होतात आणि मग कितीही जोर लावला तरी दमछाक होते.

जेट्टीच्या शेवाळावर पाय घसरून मनगट मोडले, ही तर आमच्याकडची नेहमीची गोष्ट. हात प्लास्टरमध्ये गेला की रुग्ण तो गळ्यात अडकवून सहा आठवडे मूर्तीसारखा बसतो. प्लास्टर निघते, हाड उत्तम जुळलेले असते, पण खांदा वर जात नाही आणि मूठ वळत नाही. जाळे ओढणाऱ्याच्या दृष्टीने असा हात असून नसून सारखाच. प्लास्टर मनगटाला आहे, बोटांना, कोपराला आणि खांद्याला नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी दाखवायला हवे होते. हाडवैद्याने कामट्या घट्ट बांधल्या असतील आणि बोटे निळी पडली, बधिर झाली, तर मात्र व्यायामाचा विचार बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठावे.

मालिशबद्दलही एक सांगायला हवे. आंबलेल्या अंगाला तेल लावले तर माझी हरकत नाही. पण ताज्या मोडलेल्या हाडावर आणि ऑपरेशननंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर त्या पोटरीवर हात लावू नये. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. दिवसचे दिवस झोपून राहणाऱ्याला या गुठळीचा धोका अधिक. ‘आराम कर’ या आपल्या लाडक्या सल्ल्याची ही दुसरी बाजू.

आता थोड्या अवघड विषयाकडे वळतो. बाई दवाखान्यात येते ती अशक्तपणाची किंवा कंबरदुखीची तक्रार घेऊन. औषध घेऊन दारापर्यंत जाते, वळते आणि हळूच म्हणते, ‘डॉक्टर, खोकलं की लघवी सुटते.’ कुणी म्हणते, ‘खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं.’ चार-चार वर्षे अंगावर काढलेले असते. एसटीने मुंबईला जायचे बंद, लग्नाला जायचे बंद, देवळात जायला संकोच, नमाज पढायला संकोच. लघवी नको म्हणून पाणी पिणेही कमी. नवऱ्याला सांगितलेले नसते.

कमरेच्या हाडांच्या तळाशी स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तीच आधार देते. बाळंतपणात ती ताणली जाते. त्यात बाळंतीण लवकरच डोक्यावर मासळीची पाटी घेऊन निघाली, जुना खोकला असला, शौचाला रोज कुंथावे लागत असले, की झोळी सैल पडते. हे स्नायू व्यायामाने बळकट करता येतात, हे अमेरिकेतील डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडले. वारा आणि लघवी एकाच वेळी रोखून धरल्यासारखे स्नायू आत-वर ओढायचे, पाचपर्यंत आकडे मोजायचे, सोडायचे आणि तेवढीच विश्रांती घ्यायची. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास कोंडू नये, पोट व कुल्ले आवळू नयेत आणि लघवी करता करता हा व्यायाम करण्याची सवय लावू नये. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी गळते त्या पुरुषांनाही हेच शिकवतात. तेही लाजतात, बायकांपेक्षा जास्तच.

मात्र आधी तपासणी हवी. जळजळ, ताप किंवा लघवीतून रक्त असेल तर कारण वेगळे असते, मधुमेहही पाहावा लागतो. काही बायकांचे हे स्नायू सैल नसून उलट आखडलेले असतात, संबंधाच्या वेळी दुखते. त्यांना आवळण्याचा व्यायाम दिला तर त्रास वाढतो, त्यांना स्नायू सोडायला शिकवावे लागते. अंग पूर्ण बाहेर येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. तेथे रिंग बसवायची की ऑपरेशन करायचे ते ठरते. पण थोडेसे उतरलेले असेल तर पुष्कळ जणींचा त्रास व्यायामाने कमी होतो. हे न सांगता ‘वय झालं, आता असंच’ म्हणून बाईला परत पाठवणे मला पटत नाही.

हे सगळे करायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. आगरदांड्याहून अलिबाग पन्नास किलोमीटरहून जास्त. नुकता गुडघा बदललेल्या माणसाला एक दिवसाआड एवढा प्रवास करायला सांगणे ही थट्टाच झाली. शिवाय सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो तो वेगळाच. म्हणून रुग्णालयातून निघण्यापूर्वी नातेवाइकांनी हट्ट धरावा. घरातल्या एकाला सगळे व्यायाम स्वतःच्या हाताने करून दाखवायला लावावेत, पायावर किती वजन टाकायचे ते कार्डावर लिहून घ्यावे आणि पुन्हा कधी दाखवायचे ती तारीख घ्यावी. पुढची चौकशी मोबाइलवर व्हिडिओने होऊ शकते, पहिली तपासणी मात्र समोरासमोरच व्हावी.

आणि सरकारकडे मागणे फार मोठे नाही. तालुक्याच्या गावी आठवड्यातून एक ठरलेला दिवस फिजिओथेरपिस्टने बसावे, शक्य तर त्यात एक बाई असावी. महागडी यंत्रे नकोत. एक खोली, एक पलंग, हाताचा कठडा, दोन वाळूच्या पिशव्या आणि बायकांसाठी आडोसा एवढे पुरे. ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातून अशा रुग्णांच्या जाण्यायेण्याला काही हातभार लागतो का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पाहावे. मुरुडपर्यंतचे रिक्षाभाडे आमच्या रुग्णांना आठवड्यातून एकदा परवडते, पनवेलचे परवडत नाही.